सातवाहनांचा बैल

सहावीत असताना मी मामीचा मातीचा बैल तिला न विचारता उचलला आणि तो सातवाहनांच्या काळातला आहे असं समजून शाळेत देऊन टाकला.

सातवाहनांची आणि माझी ओळख तेव्हा जेमतेम आठ दिवसांची होती. त्यांची राजधानी पैठण, हे मला ठाऊक होतं. त्यांचे राजे आपल्या नावाआधी आईचं नाव लावत, हे ऐकून मीही वहीच्या कव्हरवर तसं लावून बघितलं होतं आणि वर्गशिक्षकांनी ती वही सगळ्या वर्गात फिरवली होती. माझ्या ज्ञानाची हद्द तिथं संपत होती. पण तेवढ्या भांडवलावरही मी जे करून ठेवलं, ते निस्तरायला पुढं बरेच महिने लागले. आणि ते निस्तरलं असंही म्हणता येत नाही.

भूकंपानंतरचा तो हिवाळा. वडील नांदेडहून बदली होऊन लातूरच्या एका कचेरीत आले होते आणि आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मामाचं गाव औशाच्या बाजूला. ते गाव भूकंपात बसलं आणि मामा त्यातच गेला. मामी गौरीसाठी माहेरी गेली होती, ती तिथंच थोडी रेंगाळली म्हणून वाचली. मिलिटरीच्या लोकांनी दगड उपसून काढले तेव्हा मामाच्या घरातून धड असं काही निघालं नाही. एक ज्वारीची कणगी तेवढी चेपून पण उभी निघाली. त्यातली थोडी ज्वारी पत्र्याच्या डब्यात भरून मामी आमच्याकडे राहायला आली.

मामी आधी फार बोलायची. मामा गावात शिंपीकाम करायचा आणि ती शेजारी बसून काजं-बटनं करता करता येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. आमच्याकडे आली ती गप्प होऊनच. भेटायला येणारे सगळे एकच विचारायचे, "तुम्ही कुठं होता तवा?" मामी म्हणायची, "माहेरी." त्यापुढं विचारायला कुणाकडेच काही नसायचं. मग ते लोक चहा पिऊन जायचे.

आता शाळेकडे येतो.

आम्हाला इतिहास शिकवणारे सर हदगावकडचे होते. उंच, किंचित वाकलेले, खडूनं पांढरा झालेला उजवा खिसा. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी एक लोखंडी कपाट ठेवलं होतं आणि दारावर स्वतःच्या हातानं 'इतिहास कक्ष' असं रंगवलं होतं. 'कक्ष' मोठ्या अक्षरात सुरू होऊन दाराची फळी संपत आली तसा बारीक झाला होता. कपाटात तेरच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, वेचून आणलेल्या खापऱ्या होत्या. दोन-चार गंजकी नाणी होती. सर एखादी खापरी आमच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वास घे. दोन हजार वर्षांखाली कुणीतरी यात कालवण केलंय." आम्ही वास घ्यायचो. पुढच्या बाकावरच्या एकानं कालवण वांग्याचं होतं असंही सांगितलं होतं. सरांनी त्याला बाहेर काढलं नाही. म्हणाले, "असू शकतं. वांगं आपल्याकडचंच आहे."

असा माणूस चुकीच्या गावात आणि चुकीच्या वर्षांत नोकरीला होता. लातूरात तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या होत्या. नांदेडची, उदगीरची, पार किनवटकडची पोरं खोल्या करून राहायला येत होती. लोकांच्या घरात पाहुण्यांची खोली म्हणून उरली नव्हती, तिथं पोरं गणितं सोडवत बसलेली असत. मग शाळांनीही ज्यादा तास सुरू केले. आमच्या शाळेचा जीव सातवीच्या स्कॉलरशिपवर होता आणि त्याची तयारी सहावीतच सुरू व्हायची. सर फळ्यावर गौतमीपुत्राच्या राज्याचा नकाशा काढत असतानाच गणिताचे सर दारात येऊन उभे राहायचे. ते आत यायचे नाहीत. नुसते डस्टर तळहातावर आपटत उभे राहायचे. आमचे सर नकाशा अर्धा सोडून खाली उतरायचे. सातवाहनांचं राज्य नर्मदेपर्यंत पोचायच्या आत त्यावर लसावि आणि मसावि यांचा ताबा बसायचा.

एकदा हेडसर आम्हा पोरांसमोरच सरांना म्हणाले, "सर, इतिहास काय, पोरं घरी वाचतील. गणित घरी वाचता येतं का?"

सर म्हणाले, "नाही येत."

"मग. आन् ती जिन्याखालची खोली मोकळी करून द्या. स्कॉलरशिपच्या पोरांना बसायला जागा न्हाई."

सरांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मग वर्गात येऊन आम्हाला सांगितलं की घरात जुनं काही असेल तर आणा. खोलीत बघण्यासारख्या चार चांगल्या गोष्टी जमल्या तर हेडसर विचार करतील. सांगताना त्यांचा आवाज मास्तरासारखा नव्हता, उसनं मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखा होता. त्याचं मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी काहीतरी भलतंच करतो, हा माझा तेव्हापासूनचा दोष आहे.

पोरांनी वस्तू आणल्या. निजामाच्या काळातला हाली पैसा आला. मोडका अडकित्ता आला. एकानं आजोबांची कवळी आणली, ती दुपारच्या सुट्टीत परत पाठवावी लागली, कारण आजोबा घरी जेवायचे खोळंबले होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्यांत जुनं काय असणार? सगळ्यात जुने वडील होते.

त्याच दिवसांत मी एका दुपारी मामीच्या डब्यात हात घातला. हेतू संशोधनाचा नव्हता, शेंगांचा होता. मामी ज्वारीत शेंगा दडवून ठेवायची आणि मला ते माहीत होतं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना काहीतरी टणक लागलं. मला गुळाचा खडा वाटला. बाहेर काढला तर बैल.

माझ्या पंजाएवढा होता. मातीचा, भाजलेला, एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला काळपट. ठसठशीत वशिंड. एक शिंग मोडलेलं. पोटाखाली अंगठ्याचा ठसा, अगदी रेघारेघा दिसाव्यात असा. मी पुस्तक उघडलं. सातवाहनांच्या आधीच्या धड्यात असाच एक बैल होता, जमिनीतून खणून काढलेला. त्याचंही शिंग मोडलेलं होतं.

माझ्या डोक्यात जे झालं ते सांगतो, कारण तेव्हा ते मला फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. सरांनी शिकवलं होतं की भूकंपानं, पुरानं गावं गाडली जातात. त्यावर माती बसते. मग जाणती माणसं येऊन ती उकरतात आणि खाली जे सापडतं त्याला प्राचीन म्हणायचं. मामाचं गाव भूकंपात गाडलं गेलं होतं. मिलिटरीनं ते उकरलं होतं. खालून हा बैल निघाला होता. धड्यातली एकही पायरी सुटली नव्हती. मध्ये दोन हजार वर्षं जावी लागतात, ही बाब धड्यात होती, पण ती मी नीट वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैल सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी त्याला लगेच हात लावला नाही. आधी चष्मा पुसला.

"कुठं सापडला रे?"

"मामाच्या गावाला. जमिनीखाली."

"किती खाली?"

"लई खाली, सर."

यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच होतं. भूकंपात बसलेल्या गावचं नाव ऐकल्यावर सरांनी पुढं काही विचारलं नाही. त्या वर्षी त्या गावांविषयी कुणी पोराला खोदून विचारत नसे. त्यांनी बैल दोन्ही हातांत धरला, उलटा केला आणि पोटाखालचा ठसा आम्हाला दाखवला. "हा कारागिराचा अंगठा," ते म्हणाले. "राजांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण अंगठा बघा, कालच लावल्यासारखा आहे."

सगळ्या वर्गानं रांगेनं येऊन एका बोटानं बैलाला हात लावला. तेवढ्यात गणिताचे सर दारात आले. आमच्या सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज नाही जमणार." गणिताच्या सरांचं डस्टर हवेतच राहिलं. मी तर सातवाहनांचा सेनापती झाल्यासारखा बाकावर बसून होतो.

त्या दिवसापासून सर मला 'संशोधक' म्हणायला लागले. कपाटाच्या दुसऱ्या किल्लीचा मान मला मिळाला. सरांनी बैलाच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक आकडा घातला, कारण वस्तूवर क्रमांक घालायचा तो वरून दिसणार नाही अशा जागी घालायचा असतो. पोट एवढंसं, त्यामुळं आकडा अंगठ्याच्या ठशावरच बसला. एका रविवारी ते एस.टी.नं औरंगाबादला गेले आणि तिथल्या एका जाणत्या माणसाला बैल दाखवून, त्याची मापं लिहून देऊन परत आले. तो माणूस विचार करून पत्रानं कळवणार होता. हेडसर खोलीत येऊन बैल बघून गेले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "खरंच जुना निघाला तर शाळेचं नाव होईल हो. पत्र येईपर्यंत खोली ऱ्हाऊ द्या."

खोली राहिली. माझ्यामुळं राहिली. हे सुख मला साधारण तीन दिवस मिळालं.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर मामी जमिनीवर बसलेली. पुढं सूप आणि डब्यातली सगळी ज्वारी धोतराच्या फडक्यावर ओतलेली. ती मूठमूठ ज्वारी सुपात घेऊन चाळत होती.

आई म्हणाली, "काय हुडकायलीस गं?"

"काई न्हाई, वन्सं. निवडायले."

"निवडलेलीच हाय की ती."

सगळी ज्वारी चाळून झाली, परत डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी परत ओतली. तिसऱ्या दिवशी परत. आई वडिलांना हळू आवाजात म्हणाली, "एकदा दवाखान्यात दाखवावं का हिला? निवडलेलीच ज्वारी रोज निवडून राह्यलीय." मी जवळच बसून भागाकार करत होतो. तो भागाकार मला आयुष्यात परत कधी आला नाही.

एकदा मामीनं मला सरळ विचारलं. "बाबा, माझ्या डब्यात हात घातला व्हतास का?"

"शेंगा खाल्ल्या, मामी."

"शेंगा खा की. त्या तुलाच ठिवल्यात. अजून काई घावलं का हाताला?"

"न्हाई."

त्या सगळ्या प्रकरणातलं हे माझं पहिलं धडधडीत खोटं. एकदा बोलल्यावर ते परत घेता येईना.

बैल कुणाचा, हे मला त्यानंतर कळलं. मामी आणि आई बोलत होत्या. मामाकडे ना शेत ना बैलजोडी. पण पोळ्याला तो स्वतःच्या हातानं मातीची जोडी करायचा आणि भाजायचा. पूजा झाली की त्यांच्या घरात ती जोडी ज्वारीच्या कणगीत ठेवायची रीत होती. घरात बरकत राहते म्हणून. पुढच्या पोळ्याला जुनी जोडी ओढ्यात सोडायची आणि नवी ठेवायची. पोळा भरायच्या वेळेला आम्ही कधी गावाला नसायचो, दिवाळीला जायचो, म्हणून मी ते बैल कधी बघितलेच नव्हते. "या खेपेची जोडी व्हती," मामी म्हणाली. "एकाचा पार चुरा झाला. एक व्हता. आता त्योबी कुठं गेला कुणास ठावं. मीच कुठं ठिवला का काय."

माझ्या पायाखालचा बैल दोन हजार वर्षांवरून एकदम गेल्या पोळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. सर कपाटाच्या फळ्या पुसत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी दारातच थांबलो.

"ये, संशोधक. काय म्हणतोस?"

"सर, बैल..."

"हं?"

"बैल लई भारी हाय, सर."

"हाय ना," सर म्हणाले. ते पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलले.

मग मी दुसरा मार्ग काढला. किल्ली माझ्याकडेच होती. एका शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडून बैल काढला आणि दप्तरात घालणार तेवढ्यात हेडसर आत आले. त्यांच्याबरोबर संस्थेचे कुणी पाहुणे होते. हेडसर म्हणाले, "हाच तो विद्यार्थी. सांग रे बाळा पाहुण्यांना." मी बैल हातात धरून उभा होतो, चोरी करताना सापडलेला, आणि मला वाटलं आता तरी कुणी कान धरेल. पण ते सगळे कौतुकानं बघत होते. मग मी खाकरून सुरुवात केली. "हा बैल सातवाहनकालीन असून तो तत्कालीन समाजजीवनावर प्रकाश टाकतो." पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. मी बैल परत फळीवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. स्वतःच्या हातानं.

त्यानंतर मी प्रयत्न सोडला. मामी ज्वारी निवडायची, सर पत्राची वाट बघायचे आणि मी मधल्या मध्ये दोन्हीकडं हुशार पोरगा म्हणून वावरत होतो.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. जिन्याखालच्या खोलीच्या दारावरचा 'इतिहास कक्ष' चुन्यानं पुसला होता आणि आत बाकं लागली होती. सरांची बदली संस्थेच्या हदगावच्या शाळेवर झाली होती. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "कपाट बी घेऊन गेले. टेंपोत मागं कपाट धरून स्वतः बसले व्हते." बैल कपाटात होता. म्हणजे बैल हदगावला गेला.

श्रावण सुरू झाला तशी आई मामीला म्हणाली, "पोळा आलाय. यंदा आपण करू की मातीची जोडी. मन लागंल तुझं."

मामीनं बोटानं जमिनीवर दोन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "जुना सोडल्याबिगर नवा कसा ठिवावा, वन्सं? जुनाच घावंना गेलाय. त्यांनी इच्यारलं तर काय सांगू?"

कोण विचारणार होतं, हे आईनं तिला विचारलं नाही. आणि मी तिथंच, भाकरीचा घास तोंडात असताना, सगळं सांगून टाकलं. सातवाहन, कपाट, हेडसर, सगळं. आईनं हातातलं उलथनं माझ्या पाठीवर ओढलं. ते लागलं याचं मला बरंच वाटलं. मामीनं आईला विचारलं, "हदगावला गाडी कवा असती?"

वडिलांना रजा मिळेना, म्हणून मामी आणि मी दोघंच निघालो. सकाळच्या गाडीनं नांदेड, तिथून दुसऱ्या गाडीनं हदगाव. मामी खिडकीशी, मांडीवर भाकरीचं गठुडं. अहमदपूर येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. मग न वळताच म्हणाली, "तुला काय दिसलं त्यात?"

"पुस्तकातल्यासारखा व्हता, मामी."

"पुस्तकात तुझ्या मामाचा बैल हाय?"

"न्हाई. दुसऱ्याचा हाय. लई जुना."

"दुसऱ्याचा हाय तर मग त्याचा त्याला द्यायचा. आपला कामून दिलास?"

पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून मामीला गाव विचारलं. मामीनं सांगितलं. त्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि विचारलं, "तुम्ही कुठं होता तवा?" मामी म्हणाली, "माहेरी." बाई पुढं वळली.

हदगावची शाळा गावाच्या कडेला होती. आम्ही पोचलो तेव्हा सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बांधत होते. ते जास्तच वाकल्यासारखे वाटले. मला बघून उठले.

"अरे, संशोधक! इकडं कुठं?"

मी भिंतीवरचा भारताचा नकाशा वाचायला लागलो. मामी बसली नाही. दारातूनच म्हणाली, "सर, माझा बैल द्या."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हिंदी महासागरापर्यंत पोचलो होतो.

"यांच्या मालकानं केलेला हाय, सर," मी नकाशालाच सांगितलं. "माझ्या मामानं. गेल्या पोळ्याला."

सर खुर्चीत बसले. कोपऱ्यात तेच लोखंडी कपाट होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, पण लगेच उठले नाहीत.

"पत्र आलं होतं," ते म्हणाले. मामीकडे बघून बोलत होते, पण मला सांगत होते. "वार्षिक परीक्षेच्या आधीच आलं होतं. बैल अलीकडचा आहे, घरी गोवऱ्यांत भाजलेला आहे, असं लिहिलं होतं त्यांनी. मी ते हेडसरांना दाखवलं नाही. वाटलं, वर्ष तरी पार पडू दे. मग कुणीतरी औरंगाबादला विचारलं आणि हेडसरांना कळलं." किल्ली बोटांत फिरवत म्हणाले, "खोली तशीही जाणारच होती."

म्हणजे त्यांची बदली का झाली, ते मला तिथं कळलं. माफी मागावी असं वाटलं. पण सेनापतीसारखा बसून होतो तो बाक, आणि त्या पाहुण्यांसमोरचं भाषण, असं सगळं एकदम आठवलं आणि मी परत नकाशाकडे वळलो.

सरांनी कपाट उघडून बैल काढला आणि मामीच्या हातात दिला. मामीनं तो छातीशी वगैरे धरला नाही. उलटा करून पोट बघितलं. तिथं पांढरा आकडा होता.

"हे काय लिव्हलंय?"

"तो... क्रमांक आहे. माझी चूक झाली. थांबा, रॉकेलनं निघतो." सरांनी शिपायाला हाक मारून रॉकेल मागवलं, स्वतःचा रुमाल त्यात बुडवला आणि बैल हातात घ्यायला पुढं झाले.

मामी मागं सरकली. "नका पुसू. त्याच्या खाली त्यांचा अंगठा हाय. घासलं तर त्योबी जाईल."

सर रुमाल धरून तसेच उभे राहिले. रॉकेल फरशीवर ठिपकत होतं. ते ठिपके बघण्याशिवाय आम्हा तिघांना त्या खोलीत काही काम उरलं नव्हतं. आकडा राहिला तर ठसा दिसणार नव्हता आणि आकडा काढला तर ठसा राहणार नव्हता, आणि हे करून ठेवणारा मी भिंतीला टेकून उभा होतो.

शेवटी सरांनी रुमाल खिडकीत ठेवला. हात धुऊन आले आणि टेबलावरची एक कोरी वही पुढं ओढली.

"ताई, माती कुठली घ्यायचे ते?"

मामीला प्रश्न कळला नाही.

"बैलाला. माती कुठून आणायचे?"

"वढ्याची. वळणापल्याडची. अलीकडच्या मातीला चिरा पडत्यात म्हणायचे."

"नुसती माती?"

"न्हाई. घोड्याची लीद चाळून घालायचे. टांगेवाल्याकडून मागून आणायचे. मी हसायचे त्यांना."

सर लिहीत होते. भाजायचं कसं, किती गोवऱ्या, राख कुठं टाकायची, कणगीत कुठल्या बाजूला ठेवायचे, तोंड कुणीकडे. मामी सांगत गेली. सांगता सांगता कधी खुर्चीवर बसली ते तिलाही कळलं नाही. इतके महिने मी तिला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकानं ती कुठं होती हे विचारलं होतं. मामा माती कुठली घ्यायचा, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"ही रीत कधीपासूनची?" सरांनी विचारलं.

"त्यांचा आजा करायचा. त्याच्या म्होरचं मला न्हाई ठावं."

"आणि करणाऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मामाचं नाव सांगितलं. सरांनी ते लिहिलं, त्याखाली गावाचं नाव लिहिलं आणि त्यापुढं 'शिंपी' असं लिहिलं. मग शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

शिपायानं चहा आणला. मामीनं बैल पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि चहा बशीत ओतला. परतीची नांदेडची गाडी गाठायची होती. सर आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून मामीला म्हणाले, "पोरावर राग धरू नका, ताई. चुकला, पण डोळा चांगला आहे याचा. इतिहासात पुढं जाईल."

मामीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कशाचा डोळा, सर. सख्ख्या मामाच्या हातचं वळखू आलं न्हाई ह्याला."